तिचा पगार शून्यापासून मोजा

आपल्या बैठकांमध्ये मजुरीवर बोलणे होते, पोटगीवर होते, घरावर आणि जमिनीवर बाईचे नाव लावण्यावर होते. प्राप्तिकरावर मात्र होत नाही. कष्टकरी बायका म्हणतात, तो पगारदारणींचा प्रश्न. पगारदार बायका म्हणतात, ते सगळे आमचे हे बघतात. असा हा विषय दोन्हीकडून सुटतो आणि नवऱ्याच्या, भावाच्या किंवा कर सल्लागाराच्या टेबलावर जाऊन पडतो.

तो तिथून उचलून आपल्या सतरंजीवर आणावा, यासाठी हा लेख आहे. भारतातल्या प्राप्तिकर कायद्यात एक गोष्ट स्त्री चळवळीला मोर्चा न काढता मिळालेली आहे. नोकरी करणाऱ्या बाईचा पगार हा कायदा तिच्या एकटीच्या नावाने मोजतो आणि शून्यापासून मोजतो. तिचा नवरा किती मिळवतो याचा तिच्या कराशी संबंध नाही. ही गोष्ट बहुतेक बायकांना कुणी सांगितलेलीच नाही. आणि ती बदलावी अशा सूचना आता चांगल्या भाषेत पुढे येऊ लागल्या आहेत, म्हणून ती वेळीच समजून घेतली पाहिजे.

मी कबनूरची. हातकणंगले तालुक्यातले हे गाव इचलकरंजीला इतके चिकटलेले आहे की गाव कुठे संपले आणि शहर कुठे लागले ते नवख्याला कळत नाही. मागांचा खडखडाट दोन्हीकडे सारखाच. इथल्या कितीतरी बाया कांड्या भरतात, शिलाईच्या कारखान्यात मशीनवर बसतात. त्यांच्या लेकीसुना आता शाळेत शिक्षिका आहेत, दवाखान्यात परिचारिका आहेत, बँकेत आणि पतसंस्थेत कारकून आहेत. म्हणजे पगाराची चिठ्ठी घरात येऊ लागली आहे. पण ती चिठ्ठी वाचायची कुणी, हे अजून ठरलेले नाही.

वरच्या टप्प्याची भीती

"पगार वाढला की वरच्या स्लॅबमध्ये जाशील, मग सगळ्याच पगारावर वीस टक्के द्यावे लागतील. कशाला घेतेस ती बढती?" हे वाक्य मी वेगवेगळ्या घरांत ऐकले आहे. मुख्याध्यापिका होण्याची संधी आलेल्या शिक्षिकेला ते ऐकवले गेले, बँकेतल्या बाईला अधिकारी होताना ऐकवले गेले. बदली नको, उशिरा घरी येणे नको, सासूबाईंच्या औषधाची वेळ चुकायला नको, ही खरी कारणे असतात. ती उघड बोलायला अवघड जातात. त्यापेक्षा कराचे कारण शहाणपणाचे वाटते, त्यात कुणावर आरोप येत नाही. म्हणून ते पुढे केले जाते आणि बाईही ते मान्य करते, कारण आकडे तिला कुणी मांडून दाखवलेले नसतात.

आकडे अवघड नाहीत. आपल्या घरी येणारे विजेचे बिल डोळ्यांसमोर आणा. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ पासून ३०० पर्यंत त्याहून जास्त दर, पुढे आणखी जास्त. समजा या महिन्यात १०५ युनिटे जळली. तर वरचा दर फक्त शेवटच्या ५ युनिटांना लागतो. पहिली १०० युनिटे जुन्याच दराने राहतात. प्राप्तिकराचे टप्पे हुबेहूब असेच चालतात.

२०२५-२६ या आर्थिक वर्षाचे नव्या करप्रणालीतले टप्पे असे आहेत. पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांमधल्या रकमेवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांमधल्या रकमेवर १० टक्के, १२ ते १६ मधल्या रकमेवर १५ टक्के, १६ ते २० मधल्या रकमेवर २० टक्के, २० ते २४ मधल्या रकमेवर २५ टक्के आणि २४ लाखांपुढच्या रकमेवर ३० टक्के. पगारदारांना मोजणी सुरू होण्याआधीच ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते.

एखाद्या ज्येष्ठ शिक्षिकेचे करपात्र उत्पन्न, म्हणजे वजावट जाऊन उरलेले, बरोबर १६ लाख आहे असे धरू. पहिल्या ४ लाखांवर शून्य, दुसऱ्या ४ लाखांवर २०,०००, तिसऱ्या ४ लाखांवर ४०,०००, चौथ्या ४ लाखांवर ६०,०००. बेरीज १,२०,०००. म्हणजे एकूण उत्पन्नावर साडेसात टक्के. आता तिला वर्षाला १०,००० रुपयांची वाढ मिळाली आणि ती "वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये" गेली. वीस टक्के लागतील ते या १०,००० वर, म्हणजे २,००० रुपये. त्यावर ४ टक्के उपकर, ८० रुपये. तिच्या पदरात ७,९२० रुपये पडतील. आधीच्या १६ लाखांवरचा कर एका रुपयानेही वाढणार नाही.

वाढत्या दराच्या कराचे मर्म एवढेच आहे. दर वाढतो तो वरच्या रकमेचा, खालची रक्कम जागच्या जागी राहते. टप्पा ओलांडल्यामुळे हातातला पगार कमी झाला, असे या पद्धतीत होऊ शकत नाही.

खऱ्या कडा कुठे आहेत

पण ही भीती अगदीच हवेतून आलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. टप्पे निराळे आणि एकदम तुटणारी कडा निराळी. अशा दोन कडा पगारदार बाईने ओळखून ठेवाव्यात.

पहिली कडा १२ लाखांची. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर टप्प्यांप्रमाणे निघणारा ६०,००० रुपयांचा कर पूर्ण माफ होतो. प्रमाणित वजावट धरली तर १२ लाख ७५ हजारांपर्यंत पगार असणारीला कर लागत नाही. उत्पन्न १२ लाखांच्या वर गेले की ही माफी जाते. मग १२ लाख १० हजारवालीला एकदम ६१,५०० भरावे लागू नयेत म्हणून कायद्याने आधार दिला आहे. कर हा १२ लाखांवर जितके जास्त मिळाले त्याहून जास्त घेता येत नाही. म्हणजे तिला १०,००० कर आणि त्यावर ४०० रुपये उपकर. वाढ सगळी गेली आणि वर ४०० गेले. साधारण १२ लाख ७० हजारांच्या पुढे गेल्यावर वाढ पुन्हा पदरात पडू लागते. ही अडचण खरी आहे, पण ती एवढ्याच अरुंद पट्ट्यात आहे. आणि मूळ वेतन वाढते ते कायमचे वाढते. पुढची वेतनवाढ आणि महागाई भत्ता त्यावर मोजला जातो. एका वर्षाच्या ४०० रुपयांसाठी बढती सोडण्यात शहाणपणा नाही.

दुसरी कडा कबनूरसारख्या गावातल्या जास्त बायकांना लागते. ती राज्याच्या व्यवसाय कराची. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रीला हा कर माफ आहे. त्याआधी ही मर्यादा १०,००० होती. मर्यादा ओलांडली की महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. इथे टप्पे नाहीत. पगार २५,००० वरून २५,१५० झाला तर २०० रुपये जातात आणि हातात २४,९५० येतात, म्हणजे पूर्वीपेक्षा ५० रुपये कमी. पगारवाढीची बोलणी करताना हे माहीत असलेली बाई म्हणू शकते, "दीडशे नको, पाचशे वाढवा." माहीत नसलेली बाई चिठ्ठी बघून गप्प बसते.

कर कुणाकडून आणि कुणासाठी

व्यवसाय कराचा विषय निघाला आहे तर त्याचा इतिहासही आपल्या कामाचा आहे. हा कायदा १९७५ चा. तो केला गेला रोजगार हमी योजनेला पैसा उभा राहावा म्हणून. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून शेजारच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात १९६५ साली या योजनेचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात तिची गरज सगळ्या महाराष्ट्राला कळली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारदारांच्या चिठ्ठीतून कापलेल्या पैशातून गावाकडे बांध घातले गेले, खडी फोडली गेली, आणि त्या कामांवर बायका फार मोठ्या संख्येने होत्या. कर हा सरकारने घेतलेला दंड नव्हे, तो एकीच्या हातातून दुसरीच्या हातात गेलेला पैसाही असू शकतो, याचे याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही.

पण त्याच व्यवसाय करात उणीवही दिसते. महिना २६,००० मिळवणारी परिचारिका वर्षाला २,५०० भरते आणि महिना २,६०,००० मिळवणारा अधिकारीही २,५०० च भरतो. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने हीच वरची मर्यादा घातली आहे. तिच्या उत्पन्नाचा तो शंभरातला पाऊण हिस्सा, त्याच्या उत्पन्नाचा हजारातलाही एक नाही.

वस्तू आणि सेवा कराचे तेच आहे. साबणाच्या वडीवर कांडीवाली आणि कारखानदारीण एकच दर देतात. सप्टेंबर २०२५ मध्ये साबणावरचा हा दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा दिलासा आहेच. पण दर कितीही असो, तो देणारीची ऐपत बघत नाही. २०१७ मध्ये सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर लागला तेव्हा "लहू का लगान" म्हणत देशभर बायका बोलल्या आणि जुलै २०१८ मध्ये तो कर काढावा लागला. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. म्हणजे पैशाचा हिशेब हा आपला विषय नाही असे स्त्री चळवळीने कधीच मानलेले नाही.

या सगळ्या करांमध्ये ऐपत बघून मागणारा कर प्राप्तिकर हाच आहे. ज्याच्याकडे जास्त, त्याने जास्त हिस्सा द्यावा, हे तत्त्व आपले आहे. म्हणून आपण कर चुकवण्याच्या बाजूने बोलू नये. आपले म्हणणे वेगळे आहे. ऐपत बघायची तर ती कुणाची? बाईची, की तिच्या नवऱ्याची?

मोजणी कुणाच्या नावाने

हा प्रश्न कागदी नाही. ब्रिटनमध्ये १९९० च्या एप्रिलपर्यंत लग्न झालेल्या बाईचे उत्पन्न कायद्याने नवऱ्याचे उत्पन्न मानले जाई. ते विवरणपत्रात दाखवण्याची जबाबदारी त्याची, म्हणून तिने किती मिळवले, किती साठवले हे त्याला कळलेच पाहिजे. तिची शिल्लक तिची खासगी बाब राहू शकत नव्हती. जर्मनीत १९५८ पासून नवरा-बायकोचे उत्पन्न एकत्र करून, निम्मे करून कर काढण्याची पद्धत आहे. जिथे नवरा भरपूर मिळवतो आणि बायको घरी असते तिथे या पद्धतीचा सर्वांत जास्त फायदा होतो. बायको नोकरीला लागली की तो फायदा आटत जातो. तिथल्या स्त्रीवादी स्त्रिया वर्षानुवर्षे याविरुद्ध बोलत आहेत. स्वीडनने १९७१ मध्ये नवरा-बायकोचा कर वेगळा केला, आणि लग्न झालेल्या स्त्रियांनी नोकरीत यावे यासाठी त्या देशाने उचललेल्या पावलांमध्ये हे महत्त्वाचे मानले जाते.

आपल्याकडे नवरा-बायको पहिल्यापासून वेगवेगळे करदाते आहेत. मध्यंतरी तर स्त्रियांना थोडी जास्त सूट होती. २००० साली स्त्रियांसाठी ५,००० रुपयांची करसवलत आली. २००५ मध्ये तिच्या जागी करमुक्त उत्पन्नाची वेगळी मर्यादा आली, इतरांना १ लाख तर स्त्रियांना १ लाख ३५ हजार. २०११-१२ मध्ये हा फरक १०,००० रुपयांवर आला आणि २०१२-१३ पासून सर्वांना सारखीच २ लाखांची मर्यादा झाली. ती सूट गेली याची हळहळ मी आजही ऐकते. पण त्या सूटीपेक्षा मोठी गोष्ट अजून शिल्लक आहे, ती म्हणजे शून्यापासूनची स्वतंत्र मोजणी.

२०२५ च्या अर्थसंकल्पाआधी सनदी लेखापालांच्या देशपातळीवरच्या संस्थेने, इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाने, अशी सूचना केली की नवरा-बायकोला हवे असल्यास एकत्र विवरणपत्र भरू द्यावे आणि जोडप्यासाठी टप्पे वाढवावेत. ऐकायला हे चांगले वाटते. "ऐच्छिक आहे, कुटुंबाचे पैसे वाचतील, कशाला विरोध?" असे आपल्यातल्याच काहीजणी म्हणतील. म्हणून आकडे मांडू.

नवऱ्याचे करपात्र उत्पन्न १६ लाख. बायको घरी आहे. आजच्या टप्प्यांप्रमाणे त्याचा कर १,२०,०००. उपकर आणि माफी आपण सोपेपणासाठी बाजूला ठेवू. आता जोडप्यासाठी हे टप्पे दुप्पट केले असे समजा. पहिल्या ८ लाखांवर शून्य, पुढच्या ८ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ८ लाखांवर १० टक्के. मग त्याच घराचा कर ४०,००० होतो. ८०,००० वाचले.

आता या घरातली बाई परिचारिका म्हणून कामाला लागली आणि तिचे करपात्र उत्पन्न ४ लाख झाले. आजच्या पद्धतीत तिचा कर शून्य, कारण तिचे ४ लाख तिच्या स्वतःच्या पहिल्या टप्प्यात बसतात. एकत्र पद्धतीत मात्र तिचे ४ लाख नवऱ्याच्या १६ लाखांच्या डोक्यावर जाऊन बसतात. तिथे दर १० टक्क्यांचा. घराचा कर ४०,००० चा ८०,००० होतो. तिच्या पगाराच्या पहिल्या रुपयापासून दहा टक्के गेले. त्यातून पाळणाघराचे आणि एसटीचे पैसे वजा करा. मग घरात कोणते वाक्य ऐकू येईल ते मी सांगायला नको. "तुझ्या नोकरीने आपला टॅक्सच वाढला."

आज हे वाक्य खोटे आहे. एकत्र मोजणी आली तर ते खरे होईल, आणि आकड्यांचा पुरावा घेऊन येईल. शिवाय ऐच्छिक म्हणजे कुणाच्या इच्छेने? ज्या घरात विवरणपत्रावर कुठे सही करायची एवढेच बाईला सांगितले जाते, तिथे हा पर्याय कोण निवडणार?

याला एक उत्तर दिले जाते, आणि ते मी हलके मानत नाही. घरी राबणाऱ्या बाईच्या श्रमाची दखल कुणीच घेत नाही, एकत्र करात निदान ती मोजली तरी जाते, असे ते उत्तर. घरकामाच्या श्रमाची किंमत हा आपल्या चळवळीचा जुना मुद्दा आहे. पण इथे वाचलेले ८०,००० कुठे जमा होतात ते पाहा. नवऱ्याच्या पगारातून कमी कापले जातात, म्हणजे त्याच्याच खात्यात राहतात. राबणारीच्या हातात काहीच येत नाही. आणि ज्या घरात नवरा मागावर आणि बायको कांडीवर आहे, त्या घराला तर यातून दमडीही मिळत नाही, कारण ते घर मुळात प्राप्तिकरच भरत नाही. हा लाभ मोठ्या पगाराच्या नवऱ्यांचा आहे.

कुटुंब धरून मोजले की काय होते, हे आपण दुसरीकडे पाहतोच आहोत. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेत कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे आणि कुटुंबात कुणी प्राप्तिकर भरणारा नसावा, अशी अट घातली गेली. नवऱ्याच्या पगारातला एक रुपयाही जिच्या हातात पडत नाही, तीही त्याच्या उत्पन्नामुळे अपात्र. एका खिडकीवर सरकार बाईला व्यक्ती मानते आणि दुसऱ्या खिडकीवर कुटुंबाचा भाग. आपण पहिल्या खिडकीचा आग्रह धरायला हवा.

नाव तिचे, कारभार त्याचा

स्वतंत्र मोजणीचा गैरफायदाही घेतला जातो, आणि आमच्या भागात तो नवा नाही. माग बायकोच्या नावावर, व्यवहार नवऱ्याचा. विवरणपत्र तिच्या नावाने जाते, ती फक्त सही करते. कायद्याने याला काही अटकाव केला आहे. नवऱ्याने मोबदल्याशिवाय बायकोच्या नावावर केलेल्या मालमत्तेचे उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. ज्या धंद्यात नवऱ्याचा मोठा हिस्सा आहे, तिथे बायकोला नुसता दाखवण्यापुरता पगार दिला तर तोही त्याच्या उत्पन्नात जातो. तिच्याकडे त्या कामाचे शिक्षण किंवा कौशल्य असेल आणि पगार त्या कामाचा असेल, तर मात्र तो तिचाच राहतो.

पण कर कुणाला लागला एवढ्यावर हे संपत नाही. विवरणपत्रावर सही तिची असते, म्हणून नोटीस तिला येते. आणि उद्या घर मोडले तर? रजनीश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवून दिले की पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपले उत्पन्न आणि मालमत्ता शपथपत्रावर सांगायची. त्यात प्राप्तिकराची विवरणपत्रेही जोडायची असतात. नवऱ्याचे लपवलेले उत्पन्न बाहेर काढायला हे फार उपयोगी आहे. पण जिच्या नावाने वर्षानुवर्षे पाच-सहा लाखांचे उत्पन्न दाखवले गेले आणि जिला त्यातले पाच हजारही दिसले नाहीत, तिच्यापुढे तोच कागद ठेवला जातो. "ही तर कमावती आहे." आपल्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या बाईला आपण लग्नाची तारीख विचारतो, मारहाणीच्या खुणा विचारतो. तुमच्या नावाने विवरणपत्र जाते का, हेही पहिल्याच भेटीत विचारायला हवे.

आपण काय करू शकतो

यासाठी प्रत्येकीने हिशेबनीस व्हायला नको. पुढच्या बैठकीला पगारदार मैत्रिणींना पगाराची चिठ्ठी आणि वर्षाअखेरीस मिळणारे करकपातीचे प्रमाणपत्र घेऊन यायला सांगा. विजेचे बिल शेजारी ठेवा आणि टप्प्यांची बेरीज एकीने फळ्यावर करून दाखवा. तासाभरात भीती जाते, हा माझा अनुभव आहे.

मग चार गोष्टी तपासा. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या पॅन क्रमांकाशी कुणाचा मोबाइल जोडलेला आहे? नवऱ्याचा असेल तर तुमच्या खात्याची किल्ली त्याच्याकडे आहे. परतावा कोणत्या बँक खात्यात येतो, आणि ते खाते तुम्ही स्वतः चालवता का? वार्षिक माहिती विवरण उघडून पाहा. तुमच्या नावावरचे व्याज, शेअर, खरेदी-विक्री यांच्या नोंदी त्यात असतात आणि तुमच्या नावाने काय चालले आहे ते बऱ्याच अंशी कळते. चौथी गोष्ट, जुनी करप्रणाली की नवी, हे कुणी ठरवले? घरकर्ज आणि विम्याचे हप्ते असतील तर जुनी काहीजणींना परवडते. पण आकडे दोन्हीचे काढून निर्णय तुम्ही घ्यायचा.

कर लागत नाही अशा मैत्रिणींनाही यात आणा. शिलाईचे किंवा मागाचे काम मजुरीवर घेणाऱ्या बाईचे बिल देताना ठरावीक रकमेच्या पुढे मुळातूनच एक टक्का कर कापला जातो. तिने पॅन दिला नसेल तर वीस टक्के. तिचे उत्पन्न करपात्र नसेल तर हा पैसा तिचा आहे, पण तो परत मागायला विवरणपत्र भरावे लागते. विवरणपत्र भरणे आणि कर लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगत राहिले पाहिजे. पॅन काढताना एकटी आई असलेल्या घरातल्या मुलीला वडिलांचे नाव देण्याची सक्तीही डिसेंबर २०१८ पासून उरलेली नाही.

आणि संघटना म्हणून एक ठराव करू या. एकत्र विवरणपत्राची सूचना पुन्हा पुढे आली तर स्त्री संघटनांना विचारल्याशिवाय तिच्यावर निर्णय होऊ नये. घरी राबणारीला खरोखर काही द्यायचे असेल तर ते तिच्या नावाने, तिच्या खात्यात द्या. नवऱ्याच्या करातून सूट हा त्याचा मार्ग नव्हे. व्यवसाय कराची २५,००० ची कडा टप्प्यांमध्ये बदला, म्हणजे दीडशे रुपयांच्या वाढीने कुणाचा पगार घटणार नाही. या मागण्या घेऊन आपण आमदार-खासदारांकडे जाऊ शकतो. जाताना लाटणे हवेच असे नाही, पगाराची चिठ्ठी मात्र प्रत्येकीच्या हातात हवी, आणि ती प्रत्येकीला वाचता यायला हवी.